मागच्या खोलीचं अंदाजपत्रक

५ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी एका एजंटाने दिली. दर जानेवारीत देतो, आणि दर वर्षी मी पहिल्या पानावर नाव घालून ती कपाटात टाकतो. यंदा मात्र लिहायचं ठरवलंय. घराला मागच्या बाजूने एक खोली काढायची आहे, आणि बांधकामात लोक कसे लुबाडतात त्याचा पुरावा जवळ असलेला बरा.

मला तसं कोणी लुबाडू शकत नाही म्हणा. सत्तावीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतोय. ज्याचा टीव्ही जळतो त्याने तो नेहमी मागच्याच महिन्यात घेतलेला असतो. ज्याच्या दुकानात पाणी शिरतं त्याच्याकडे नेमका त्याच सकाळी वर्षभराचा माल उतरलेला असतो. माझा साधा नियम आहे: समोरच्याने सांगितलेला आकडा घ्यायचा, दोनाने भागायचा, मग बोलायला बसायचं. ऑफिसात मला 'कात्री' म्हणतात. कौतुकाने म्हणतात, असं मी धरून चालतो.

खोली बाबांसाठी. वय ब्याऐंशी, आई गेल्यापासून एकटे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. डिसेंबरात जिन्यात पडले. एकदाच, आणि तेही शेवटच्या दोन पायऱ्यांवरून, असं ते स्वतः सांगतात. आता त्यांना तिथे ठेवायचं नाही यावर माझं आणि हिचं एकमत झालं. आमचं एकमत होणं ही घटनाही डायरीत नोंदवण्यासारखीच आहे. आमच्याकडे खाली हॉल आणि स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या वर, आणि घरातलं एकुलतं एक बाथरूमही वर. चौदा पायऱ्या. म्हणून मागच्या अंगणात खाली खोली, तिला लागून संडास-बाथरूम. बाबांना एकही पायरी चढावी लागू नये. बँकेत त्यासाठी सहा लाख वेगळे ठेवलेत. एवढं सरळ काम आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

कंत्राटदारबाई येऊन गेल्या. ऑफिसातल्या एकाने नंबर दिला होता. "खरं बोलतात" एवढीच शिफारस. खरं बोलणारी माणसं मी रोज दहा ते सहा बघतो.

पन्नाशीच्या बाई, पायात जाड बूट, केसांत पेन्सिल खोचलेली. चहा घेणार का विचारलं तर म्हणाल्या, "आधी अंगण." अंगणातली एक फरशी उचकटली, खाली पहार खुपसली, आणि ती हातभर आत गेली. "भराव आहे," म्हणाल्या. "घर बांधताना उरलेला राडारोडा इथेच ढकललाय. पाया खोल न्यावा लागेल." मी म्हटलं, बाई, एक खोली बांधायची आहे, किल्ला नाही. हसल्या नाहीत. मग मैलापाण्याची लाइन कुठून जाते विचारलं. समोरच्या रस्त्याला, म्हटलं. "म्हणजे घराच्या कडेने सगळं खणायचं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती लाइन मीच मुद्दाम समोर नेऊन टाकली आहे.

नंतरचा तासभर चौकशी. बाबांचं वजन किती, काठी वापरतात का, रात्री किती वेळा उठतात. मला कळेना की या भिंती बांधणार आहेत की गोळ्या लिहून देणार आहेत.

"किती वेळा पडले?"

"एकदा."

"एकदाच?"

"एकदाच," मी म्हटलं. त्यांनी वहीत 'एकदा' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. का ते त्यांनाच ठाऊक. माझ्याकडे पैसे किती आहेत, हे मात्र शेवटपर्यंत विचारलं नाही. मुरलेल्या आहेत.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेअकरा लाख!

दोन पानी कागद आलाय, नीट टाइप केलेला. खोली पावणेसात. संडास-बाथरूम आणि कडेने खणून नेलेली ड्रेनेजची लाइन मिळून पावणेचार. हे कमी पडलं म्हणून खाली एक ओळ: 'अनपेक्षित खर्च, दहा टक्के.' वा! जो खर्च तुम्हाला आधीच ठाऊक आहे, टक्क्यांसकट ठाऊक आहे, तो अनपेक्षित कसा? माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी तो फ्रेम करून भिंतीवर लावला असता.

हिला दाखवला. तिने एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बाईंनी आपलं घर विकत घ्यायचा भाव तर नाही ना दिला?" यासाठीच लग्न करावं माणसाने.

११ फेब्रुवारी, रविवार

आज आम्ही दोघांनी बसून स्वतःचं अंदाजपत्रक केलं. जेवणाच्या टेबलावर, चहाच्या तीन फेऱ्यांत. कुणाच्या ऐकीव भावांवर नाही, तर आपण स्वतः आजवर दिलेल्या किमतींवर. याला म्हणतात अनुभव.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ही डायरी हिच्या हाती लागणार नाही. ही माझ्या सामानाला हात लावत नाही. तर नळ, पंप, हत्यारं, पाइप अशा माझ्या खात्यातल्या वस्तूंची किंमत मी हिला नेहमी जरा कमी सांगत आलोय. जरा म्हणजे निम्मी. ड्रिल मशीन आणलं तेव्हा तिने विचारलं, "केवढ्याचं?" आणि तोंडून आपोआप निम्मा आकडा बाहेर पडला. मग तीच सवय झाली. यात फसवणूक कसली? घरात शांतता राहते, आणि शांततेची किंमत बाजारात विचारून बघा.

उलट हिचं बघा. भाव करावा तर हिनेच. पडदे, गाद्या, सोफ्याचं कापड, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, चार वर्षांपूर्वी मी दौऱ्यावर असताना करून घेतलेला हॉलचा रंग; प्रत्येक वस्तू हिने जगापेक्षा निम्म्यात आणलीय. शेजारच्या वहिनींनी तसेच पडदे दुप्पट भावात घेतले तेव्हा मला त्यांची दया आली होती. कसं जमतं विचारलं की ही म्हणते, "बोलायचं जरा गोड," आणि विषय बदलते. देणगी असते एकेकाला, दुसरं काय.

तर नळ-पाइपांचे माझे भाव आणि रंग-लाकूड-कापडाचे हिचे भाव, असे धरले. माझ्या भावांचं काय, हा प्रश्न मनात आला होता. पण टेबलावर ती समोर बसलेली असताना "अगं, तो नळ बावीसशेचा नव्हता" असं म्हणायचं कसं? म्हटलं, थोडाफार फरक हिच्या घासाघिशीत भरून निघेल.

बेरीज पाच लाख साठ हजार. चाळीस हजार शिल्लक! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खूप दिवसांनी हिने माझ्याकडे इतकं कौतुकाने पाहिलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना आमचा कागद दाखवला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि विचारलं, "हे भाव कोणत्या सालचे?"

"आमचे स्वतःचे," हिने ताठ मानेने सांगितलं.

"छान," बाई म्हणाल्या. "हा नळ या भावाला मिळत असेल तर मला पन्नास आणून द्या." ही माझ्याकडे बघायला लागली. मी पंख्याकडे.

मग बाईंनी भाषण दिलं. म्हणे, तुम्ही आधी आकडा ठरवलाय आणि आता खोली त्यात कोंबताय. आधी काय हवं ते लिहा, त्यातलं काय नसलं तर चालणारच नाही ते वेगळं काढा, त्याचे तीन ठिकाणचे आजचे भाव आणा, त्यावर दहा टक्के ठेवा आणि मग खिसा बघा. खिसा लहान असेल तर खोली लहान करा, टाइल्स साध्या घ्या, खिडकी एक करा. पण ज्याच्यासाठी बांधताय ते कापू नका.

मी सरळ विचारलं, "सहा लाखांत काय होईल?"

"खोली छोटी केली तर होईल, ओढूनताणून. संडास-बाथरूम नाही."

"मग तेवढीच करू. बाकीचं दुसऱ्या टप्प्यात."

"साहेब, संडास नसेल तर ही खोली बांधू नका. हॉलमध्ये पलंग टाका, सहा लाख वाचतील." आणि उठल्याच. दारात बूट घालताना हिला म्हणाल्या, "विचार करून सांगा, घाई नाही मला." घाई नसलेला कंत्राटदार मी आयुष्यात प्रथमच पाहिला. धंद्याची नवी पद्धत दिसतेय.

बाई गेल्यावर मी कागदावरून बाथरूमवर काट मारली. बाबा परवाच फोनवर म्हणत होते, जिना चढणं म्हणजे फुकटचा व्यायाम. एकदा पडलेल्या माणसासाठी पावणेचार लाखांचा संडास! वर आहे की चांगलं बाथरूम. हात धरून नेऊ. हिने फक्त "नळ केवढ्याचा होता म्हणालात?" एवढं विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

बाबांकडे जाऊन आलो. माणूस ब्याऐंशीचा आहे, पण डोकं कसं चालतं! खिडकीला दोरी बांधलीय, तिच्या टोकाला पिशवी. दूधवाला, किराणावाला खालूनच सामान पिशवीत टाकतात आणि हे वर ओढतात. "उगाच कशाला खाली उतरायचं," म्हणाले. मला तर ही कल्पना फार आवडली. दाराला कडीही लावत नाहीत आता. म्हणाले, तुम्ही आलात तर उगाच वाट बघायला नको. भांडीकुंडीसुद्धा वरच्या फळीवरून काढून खाली ओट्यावर मांडली आहेत, सगळं हाताशी. दारामागे काठी होती. विचारलं तर म्हणाले, मांजर हाकलायला. तिसऱ्या मजल्यावर मांजर येतं म्हणजे त्याचीही कमालच.

आम्ही होतो तोवर ते खुर्चीतून उठले नाहीत. चहाही हिनेच केला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. ही म्हणाली, "बाबा, उकडत नाही का?" ते म्हणाले, "वयात रक्त थंड होतं."

मग विचारलं, "खोलीचं कुठवर आलं? केवढ्याला पडतंय?"

सहा म्हणालो असतो तर ते खोली नको म्हणून हटून बसले असते. "तीनेक लाख," मी म्हटलं. "तीन," असं स्वतःशी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

उतरताना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "या वेळी फार लागलं नाही ना?" मी म्हटलं, डिसेंबरचं ना, ते केव्हाच बरं झालं. काकूंनी तोंड उघडलं, मिटलं आणि दार लावून घेतलं. लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला फार आवडतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

हिने हट्ट धरला की बाईंच्या सांगण्याप्रमाणे स्वतः बाजारात जाऊन भाव आणायचे. मी म्हटलं, नळांचे मी आणतो, तू पडदे बघ, वेळ वाचेल. तर म्हणाली, "दोघं मिळून जाऊ." मग पडद्यांच्या दुकानाशी आलो तेव्हा मात्र हिला अचानक चक्कर आली, सावलीत बसायचं होतं. आधी नळ बघून येऊ, म्हणाली. पडद्यांचं राहिलंच.

नळांचा दुकानदार माझा दहा वर्षांचा ओळखीचा, आणि ओळखीच्या माणसाइतका घातकी माणूस नाही. आम्हाला बघताच हाक: "या साहेब! तोच नळ ना, मागे नेलात तो? त्या वेळी चव्वेचाळीसशेला दिला होता, आता एक्कावन्नशे झालाय." मी डोळ्यांनी खुणा केल्या, खोकलो, पाय दाबला. पाय हिचा निघाला. दुकानदाराचं चालूच: "आणि ड्रिल मशीन कसं चालतंय? महागाचं घेतलंत, पण चीज झालं ना?"

मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. वीस वर्षांचा संसार, हार्डवेअरच्या दुकानात, नळाच्या पेट्यांसमोर मोडणार. पण ही रागावलीच नाही! भाव शांतपणे वहीत लिहून घेतले. रिक्षात बसल्यावर तेवढं म्हणाली, "सगळेच आकडे दुप्पट धरू या का?"

"माझे धर," मी म्हटलं. "तुझे कशाला?"

ती बाहेर बघत राहिली. मोठ्या मनाची आहे. मी थोडक्यात सुटलो.

२५ फेब्रुवारी, रविवार

मी मूर्ख आहे. शाईने लिहितोय, खोडता येऊ नये म्हणून.

आज सकाळी पेंटर आला, खोलीच्या रंगाचा भाव द्यायला. दणकट माणूस, गेल्या खेपेचा तोच. हॉलच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "चार वर्षं झाली तरी टिकलाय बघा. ताईंनी तेव्हा अठ्ठावीस हजार दिले, पण काम बघा." ताईंनी मला चौदा सांगितले होते. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात ट्रे, चेहरा पांढराफटक.

पेंटर गेला. मी विचारलं, "पडदे?" तिने मान हलवली. "गाद्या? सोफा?" तिने ट्रे खाली ठेवला. "ट्रॉल्यासुद्धा," म्हणाली, आणि रडायला लागली का हसायला लागली ते मला आधी कळेना. हसतच होती. "अहो, मला वाटायचं तुम्ही सगळं किती स्वस्तात आणता! मला लाज वाटायची. म्हटलं, माझे खरे आकडे सांगितले तर म्हणाल, हिला व्यवहार कळत नाही."

वीस वर्षं मी हिच्या घासाघिशीचं कौतुक करत होतो आणि ही माझ्या व्यवहारज्ञानाचं. लोकांनी दुप्पट केलेले आकडे मला रस्त्यापलीकडून दिसतात. निम्मे केलेले माझ्याच टेबलावर, माझ्याच ताटाशेजारी होते, ते दिसले नाहीत. शेजारच्या वहिनींची मी दया केली होती! पुढे दिसल्या की त्यांच्याशी नीट बोलेन.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंकडे स्वतः गेलो. तीन दुकानांचे आजचे भाव, खरे, घेऊन. बेरीज अकरा चाळीस. बाईंचे साडेअकरा. दहा हजारांचा फरक, तोही माझ्या बेरजेतली चूक असेल. बाई 'मी सांगितलं होतं' असं म्हणाल्या नाहीत, त्यामुळे जास्तच झोंबलं.

पण अकरा चाळीस आणायचे कुठून? सहा आहेत. नव्या गाडीसाठी चार साठवलेत, पण आत्ताची गाडी दर सोमवारी ढकलावी लागते आणि नवीचं बुकिंग झालंय. म्हणून मी ठरवलंय की बाथरूम दुसऱ्या टप्प्यातच. एका वर्षाने. ही म्हणाली, "वर्षभर बाबा चौदा पायऱ्या चढणार?" मी म्हटलं, अगं, एकदा पडलेत. ती म्हणाली, "तुमच्या घरात 'एकदा' म्हणजे किती असतं?" सासरवर घसरायची हिला सवयच आहे.

निघताना बाईंनी अजून एक पिल्लू सोडलं. "खोलीला चार महिने लागतील. तोवर वडील कुठे राहणार? ते धरलंय का कागदात?" नव्हतं धरलं. चार महिन्यांनी काय बिघडतंय?

३ मार्च, रविवार

आज बाबांकडे जे झालं ते नीट लिहायला हवं.

आम्ही नकाशा दाखवायला गेलो होतो, बाथरूम नसलेला. बाबांनी तो बघितलाच नाही. उशीखालून पासबुक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "तीन लाख म्हणालास ना. माझ्याकडे तीन लाख दहा हजार आहेत. दहा औषधपाण्याला ठेवतो. खोली माझी, तर खर्च माझा. उद्या बँकेत ने मला." मग म्हणाले, "नको, तू कागद इथेच आण. मी सही करतो."

पासबुकावर शेवटची नोंद तेवढीच. माणसाचं आयुष्यभराचं सगळं, माझ्या एका थापेवर ओवाळून टाकायला निघालेलं. मी म्हणणार होतो, राहू द्या बाबा, बघू नंतर. असंच काहीतरी निम्मंशिम्मं. ही मधेच म्हणाली, "बाबा, तीन नाही लागणार. साडेअकरा."

आता हे खोली नको म्हणणार, असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. माझ्याकडे बघून विचारलं, "मग तीन का म्हणालास?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात म्हणून."

"हं." हाताने गुडघा चोळला. मग शर्टाच्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत सगळं निळं-पिवळं. "मीही एकदा म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "चार वेळा."

दोनदा जिन्यात, दोनदा बाथरूमच्या वाटेवर. एकदा पहाटे पडले ते दूधवाला येऊन ओरडेपर्यंत उठता आलं नाही. दोरी ओढली गेली नाही म्हणून तो वर आला. तेव्हापासून दाराला कडी नसते, कोणालातरी आत येता यावं म्हणून. मी तिथेच बसून त्यांच्या कल्पकतेचं कौतुक केलं होतं.

"सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलो.

"तू धावत आला असतास," ते म्हणाले. "काम सोडून. आणि तुझी गाडी अशी."

मला माझी लाज वाटते. रोज चाळीस अनोळखी माणसांच्या मोडक्या वस्तू तपासतो, आणि बापाच्या हातावरची बाही वर करून बघितली नाही. घरी आल्यावर कागद काढला. पहिली ओळ: संडास-बाथरूम, ड्रेनेजसकट. दुसरी: भिंतीला धरायचे दांडे, घसरू न देणारी फरशी. तिसरी: अनपेक्षित खर्च, दहा टक्के. गाडीचं बुकिंग रद्द केलं. उरलेल्याचं कर्ज काढू. हिने शेजारी बसून बेरीज तपासली.

४ मार्च, सोमवार

सकाळी ऑफिसला निघालो, बूट घातले, आणि दारातच थांबलो. चार. बाबांनी चार सांगितलं. माझे बाबा. ज्यांच्याकडून मी सगळं शिकलो.

फोन केला. "बाबा, चार की आठ?"

मग म्हणाले, "नऊ. परवाचा धरून."

काकूंचं "या वेळी" आता मला कळलं. ऑफिसला कळवलं की येत नाही. बाईंना विचारलं, खोली होईपर्यंत काय करू? त्या म्हणाल्या, आजच आणा, एकदाच धरून वर चढवा आणि चार महिने वरच ठेवा, बाथरूमशेजारी. आमची खोली त्यांना दिली. ही गाद्या खाली हॉलमध्ये ओढतेय आणि मला सांगतेय की या गाद्या खरं तर केवढ्याच्या आहेत.

बाबांना पुन्हा फोन केला. म्हटलं, अकरापर्यंत येतो, तयार राहा. या खेपेला त्यांनी "कशाला?" म्हटलं नाही. म्हणाले, "बरं." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि हे बघ, खाली उतरायला मला जरा आधार लागेल. तू आहेसच. अजून एक माणूस मिळाला तर बघ."

मी पेंटरला फोन केला आणि त्याला म्हटलं, अजून दोघांना घेऊन ये, आणि एक पक्की खुर्ची.